पटावरचे जर-तर

गुंतागुंतीच्या डावपेचांचे पटावरील खेळ, आणि त्यांतही ऐतिहासिक युद्धांवर बेतलेले, ज्यांना वॉरगेम म्हणतात ते खेळ, यांच्याविषयी दोन आक्षेप वारंवार घेतले जातात. पहिला असा की, ज्याची तीस-चाळीस पानांची नियमपुस्तिका अभ्यासल्याशिवाय पहिली सोंगटीही हलवता येत नाही, त्याला करमणूक म्हणणे कठीण आहे; आणि दुसरा असा की, ज्या लढायांत हजारो माणसे मेली त्यांचा खेळ करणे मुळातच अशोभनीय आहे. दोन्ही आक्षेप उडवून लावण्याजोगे नाहीत. परंतु ज्या नियमांचा एवढा बाऊ केला जातो त्यांतच या छंदाचे मोल आहे, कारण वॉरगेममधील प्रत्येक नियम हा इतिहासाच्या कार्यकारणभावाविषयी केलेला एक दावा असतो, आणि तो दावा खेळाडूला निर्णय घेऊन, हरून-जिंकून, आतून तपासता येतो.

या प्रकाराची सुरुवात छंद म्हणून झाली नाही. प्रशियातील गेओर्ग लिओपोल्ड फोन रायस्वित्स याने १८१२ साली राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याच्यासाठी, निरनिराळा भूप्रदेश मांडता येईल असे तुकड्यांचे एक मेज तयार केले, आणि १८२४ साली त्याच्या मुलाने, जो स्वतः तोफखान्यात अधिकारी होता, लष्करी नकाशावर खेळायच्या ‘क्रीगस्पील’चे, म्हणजे युद्धखेळाचे, नियम प्रसिद्ध केले. बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही खेळाडूंना सर्व काही दिसत असते आणि घोड्याने प्यादे मारले की ते निश्चितपणे मरते. रायस्वित्सच्या खेळात मात्र दोन्ही पक्ष आपापले हुकूम पंचाकडे देत, शत्रूच्या तुकड्या पंच दाखवील तेवढ्याच दिसत आणि चकमकीचा निकाल फासे टाकून ठरे, म्हणजे अपुरी माहिती आणि दैवाचा वाटा या दोन्ही गोष्टी नियमांनीच पटावर आणल्या. हिशेब पुढे इतके वाढले की डाव रेंगाळू लागले, म्हणून १८७६ साली व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन सेनाधिकाऱ्याने बहुतेक नियम बाजूला सारून निकाल अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपवले. लष्कराला ते सोयीचे होते. सामान्य नागरिकाच्या दृष्टीने मात्र छापील नियमच श्रेयस्कर ठरतो, कारण पंचाच्या मनातले गृहीतक कुणाला दिसत नाही आणि छापलेले गृहीतक कुणालाही खोडून काढता येते.

हे खेळ दुकानात मिळू लागले ते अमेरिकेत. चार्ल्स रॉबर्ट्स याने १९५४ साली ‘टॅक्टिक्स’ हा खेळ स्वतःच प्रकाशित केला, पुढे ॲव्हलॉन हिल ही कंपनी काढली आणि १९५८ साली अमेरिकी यादवी युद्धातील गेटिसबर्गच्या लढाईवरचा खेळ बाजारात आणला. १९६१ साली त्याच्या नकाशांवर षट्कोनी घरे आली. चौकोनी घरांच्या पटावर तिरपी चाल सरळ चालीपेक्षा सुमारे १.४ पट लांब पडते, तर षट्कोनाचे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात. रॉबर्ट्सची याहून मोठी देणगी म्हणजे लढाईच्या निकालांचा तक्ता. पुठ्ठ्याच्या प्रत्येक सोंगटीवर त्या तुकडीचे बळ आणि तिची मजल हे आकडे छापलेले असतात. हल्लेखोराच्या बळाला बचाव करणाऱ्याच्या बळाने भागून गुणोत्तर काढायचे, फासा टाकायचा आणि त्या रकान्यातला निकाल वाचायचा. अपूर्णांक बचावाच्या बाजूने सोडला जातो, त्यामुळे ४ बळाच्या तुकडीवर ११ बळाने केलेला हल्ला तिनास एक धरला जात नाही, तो दोनास एकाच्या रकान्यात पडतो. आणि तेवढ्या एका बळासाठी खेळाडू मागच्या पुलावरची पलटण उचलून आघाडीवर आणतो, तेव्हा उघडा पडलेला पूल पुढच्या पाळीत शत्रूच्या हाती जातो. राखीव फौज कशासाठी ठेवायची आणि ती ठेवणे इतके जिवावर का येते, हे वाचून कळणे आणि असे कळणे यांत फार फरक आहे.

तथापि नियम वाढले म्हणजे खेळ अधिक खरा होतो, हा समज चुकीचा आहे. रिचर्ड बर्ग यांचा, एसपीआय या कंपनीने १९७९ साली प्रसिद्ध केलेला ‘द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका’ हा खेळ दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू असावेत अशा बेताने रचला होता. इंधन, दारूगोळा आणि पाणी यांचा हिशेब त्यात कागदावर ठेवावा लागे, आणि इटालियन सैन्याला पास्ता शिजवण्यासाठी जादा पाणी लागते असाही एक नियम होता. दुसऱ्या महायुद्धातले ते वाळवंटी युद्ध रसदीवर ठरले हे खरेच आहे, पण ते कळण्यासाठी खतावणी लिहावी लागू नये. जो तपशील खेळाडूपुढे नवा पेच उभा करत नाही, तो कितीही अचूक असला तरी ओझेच असतो.

पेच उभा करणारा नियम कसा असतो हे ‘ट्वायलाइट स्ट्रगल’ या खेळात उत्तम दिसते. आनंदा गुप्ता आणि जेसन मॅथ्यूज यांनी रचलेल्या आणि जीएमटी गेम्स या कंपनीने २००५ साली प्रकाशित केलेल्या या खेळात एक खेळाडू अमेरिका आणि दुसरा सोव्हिएत संघ होऊन १९४५ ते १९८९ चे शीतयुद्ध पत्त्यांच्या आधाराने खेळतो. प्रत्येक पत्त्यावर एक ऐतिहासिक घटना आणि बहुतेकांवर एक अंक असतो. पत्ता घटनेसाठी वापरायचा की त्या अंकाइतका प्रभाव देशोदेशी वाढवण्यासाठी, हे खेळाडूने ठरवायचे असते. मात्र पत्ता प्रतिपक्षाच्या लाभाचा असेल, तर तो अंकासाठी खेळला तरी त्यावरची घटना घडतेच. सुरुवातीच्या फेऱ्यांत हाती आठ पत्ते येतात आणि त्यांतले बहुधा सात खेळावेच लागतात. एखादा पत्ता अंतराळ-स्पर्धेच्या खात्यात टाकून निकालात काढता येतो, पण पळवाट तेवढीच; बाकीच्यांबाबत प्रश्न उरतो तो, आपले नुकसान कधी आणि कोणत्या क्रमाने सोसायचे हा. राज्यकर्त्यांना घटना निवडता येत नाहीत, फार तर त्यांची वेळ सावरून घेता येते, हा विचार या एका नियमामुळे खेळाडूच्या अंगवळणी पडतो.

आणि याच खेळाची मर्यादाही नियमांतच उघडी दिसते. प्रभाव लगतच्या देशात सरकत जातो, म्हणजे एक देश साम्यवादी झाला की शेजारचे देश ओळीने कोसळतील, हा तत्कालीन अमेरिकी धोरणकर्त्यांचा ‘डॉमिनो सिद्धान्त’ येथे निसर्गनियम होऊन बसतो. शीतयुद्धाचा तर्क, जेथे तो खोटा ठरला तेथेही, खेळाने खरा मानला आहे, हे रचनाकारांनी आपल्या टिपणात मोकळेपणाने सांगितलेही आहे. पटावर भारत आहे, त्याच्या स्थैर्याचा अंक ३ आहे आणि दोन्ही महासत्तांना तो आपल्याकडे ओढता येतो; पण अलिप्तता हा त्या देशाचा स्वतःचा डाव होता, ही शक्यता पटाला ठाऊकच नाही. भारतीय खेळाडूला हे खुपायला हवे, आणि नेमक्या कोणत्या नियमावर आपला आक्षेप आहे हे त्याला बोट ठेवून दाखवता येते, हे या माध्यमाचे सामर्थ्य आहे. जीएमटीनेच २०१९ साली प्रकाशित केलेल्या, ब्रूस मॅन्सफील्ड यांच्या ‘गांधी’ या खेळात १९१७ ते १९४७ चा भारत ब्रिटिश राज, काँग्रेस, मुस्लिम लीग आणि क्रांतिकारक अशा चार पक्षांकडून खेळला जातो. बंडखोरी आणि तिचा बीमोड या विषयासाठी घडवलेल्या खेळपद्धतीत येथे अहिंसक पक्ष आणावे लागले आहेत, आणि लढाईची यंत्रणा सत्याग्रहाला लावताना कोणते नियम बदलावे लागले हे अभ्यासण्याजोगे आहे.

जोडीदार मिळत नाही म्हणून अनेक जण हे खेळ एकट्यानेच, दोन्ही बाजू आलटून पालटून खेळतात. त्यात उणेपणा मानण्याचे कारण नाही. ज्या पक्षाविषयी मनात अढी आहे त्याच्याही बाजूने सर्वोत्तम चाल शोधावी लागणे, ही इतिहासाच्या वाचकाला लागणारी मोलाची सवय आहे.

मराठी वाचकाला तर जर-तरचा हा प्रांत मुळीच नवा नाही, कारण पानिपतावर तो पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत आला आहे. पण मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांना वादात दिल्लीकडे वळवणाऱ्याला वाटेत दाणावैरण कुठून येईल याचा हिशेब द्यावा लागत नाही. पट तो मागतो. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतला आणि त्याच महिन्यात अफगाण बादशहा अहमदशहा अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून त्यांच्या व दिल्लीच्या मध्ये आला. डिसेंबरात, शत्रूची रसद मारण्याच्या कामगिरीवर असलेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि १४ जानेवारी १७६१ ला उपाशी फौज लढाईला उभी राहिली. या मोहिमेचा पट मांडणाऱ्याला ठरवावे लागेल की, यमुना कोणत्या पाळीपासून उतरण्याजोगी धरायची, आणि इब्राहिमखान गारद्याच्या तोफा-पलटणींच्या चालीने घोडदळाने चालायचे ही गोलाच्या लढाईची शिस्त सरदारांवर हुकमाने लादता येते, की प्रत्येक सरदारासाठी वेगळा फासा टाकायचा. सर्वांत अवघड प्रश्न छावणीतल्या बिनलढाऊ माणसांचा, यात्रेकरूंचा, बायकामुलांचा आणि बाजारबुणग्यांचा आहे. त्यांची सोंगटी केली नाही तर पट खोटा होतो. केली, आणि तिचे बळ शून्य व भूक मोठी ठेवली, तर तिला वाऱ्यावर सोडून देण्याचा मोह खेळाडूला होणारच, आणि तो मोह नियमाने बंद करायचा की मोकळा ठेवून त्याची किंमत त्याच्याकडून वसूल करायची, हे रचनाकाराला ठरवावे लागते. युद्धाचा खेळ करणे अशोभनीय आहे का, याचे उत्तर अशाच एखाद्या नियमात मिळते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात या मोहिमेची पत्रे छापलेली आहेत, आणि असा पट मराठीत रचायचा तर भाऊंनी गोविंदपंतांकडे पैशासाठी व रसदीसाठी लावलेला तगादा तारीखवार टिपून काढण्यापासून कामाला सुरुवात करावी लागेल.