दूरध्वनीवरची स्मृतिपरीक्षा

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण इतक्या सहजतेने वापरीत आलो आहोत की, तिने किती वृद्धांना वैद्यापासून दूर ठेवले याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा धर्म नव्हे, तो रोग आहे, हे वैद्यकाने केव्हाच सांगितले. घरोघरी मात्र ‘वय झाले’ एवढ्या निदानावर अजूनही भागते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढील दर हजारांत सुमारे ७४ जणांना हा विकार आहे. एकूण संख्या सुमारे ८८ लाख. त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे आणि शहरांपेक्षा खेड्यांचे प्रमाण अधिक. उलट मेंदूविकारांचे जाणकार मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांतच एकवटलेले. गडचिरोलीच्या आजीबाईंनी तेथवर जावे तरी कसे? तेव्हा त्यांची प्राथमिक परीक्षा दूरध्वनीवरूनच घ्यावी, ही कल्पना मोहक वाटली तर नवल नाही.

कल्पना नवीनही नाही. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेसन ब्रँट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली अशी ४१ गुणांची परीक्षा रचली. आजची तारीख सांगणे, वीसपासून उलटे आकडे म्हणणे, दहा शब्द ऐकून आठवतील तेवढे सांगणे, शंभरातून सात-सात वजा करीत जाणे, राष्ट्राध्यक्षांचे नाव सांगणे असे तिचे स्वरूप. वाळवंटात वाढणारी काटेरी हिरवी वनस्पती कोणती, असाही एक प्रश्न तीत आहे; ‘मेथॉडिस्ट एपिस्कोपल’ हे शब्द जसेच्या तसे उच्चारून दाखवायचे असतात. बाल्टिमोरच्या आजोबांना ते चर्चमुळे परिचयाचे. बुलढाण्याच्या आजोबांच्या जिभेला ते वळले नाहीत, तर दोष मेंदूचा म्हणावयाचा काय?

प्रश्नांचे मराठी भाषांतर केले की काम झाले, असे समजणारे लोक आपल्याकडे पुष्कळ निघतील. खरी अडचण तेथेच सुरू होते. आज तारीख कोणती, असे विचारल्यावर एखादी आजी गप्प राहते. पण आज संकष्टी आहे आणि चंद्रोदयाला अद्याप अवकाश आहे हे तिला पक्के ठाऊक असते. तिला शून्य गुण देणारा परीक्षक तिच्या स्मृतीची नव्हे, शाळेत न गेल्याची नोंद करीत असतो. शंभरातून सात वजा करण्याचा प्रसंग तिच्यावर कधी आला नाही, परंतु वाण्याची उधारी तिला तोंडपाठ असते. हरियाणातील बल्लभगढ येथे मेरी गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी रचली आणि १९९५ साली ती प्रसिद्ध केली. तेव्हा त्यांनी वाचण्या-लिहिण्याचे प्रश्न बदलून अक्षरओळखीवाचून देता येतील असे प्रश्न घातले. मराठीत, आणि तीही केवळ कानांवर विसंबणारी परीक्षा घ्यावयाची तर एवढेच कष्ट उपसावे लागतील. पुण्याची मराठी नंदुरबारच्या पाड्यावर चालेल, हेही गृहीत धरता येणार नाही.

उलट बाजूची चूक तर अधिक फसवी आहे. ज्याने तीस वर्षे कचेरीत आकडेमोड केली, तो निवृत्त कारकून शंभरातून सात-सात वजा करीत दोनपर्यंत सफाईने उतरेल. त्याच आठवड्यात तो रोजच्या वाटेवरून घरी परतताना चुकलेला असेल, हे परीक्षकाला कळणार नाही. शिक्षणाने मेंदूला दिलेली शिल्लक रोगाला काही काळ झाकून ठेवते. शिवाय समोर भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली आहे की नाही आणि सूनबाई शेजारून हळूच उत्तर सांगते आहे की नाही, हे दूरध्वनीला दिसत नाही. ज्यांना ऐकू कमी येते, त्यांची तर दहा शब्दांपाशीच फजिती होणार. बहिरेपण हे स्वतः स्मृतिभ्रंशाची जोखीम वाढविणाऱ्या कारणांपैकी एक मानले जाते. म्हणजे जोखमीतल्या माणसांवरच हे साधन लंगडे पडते.

आणखी एक विपरीत योग पाहा. अनोळखी माणसाने दूरध्वनीवर नाव, पत्ता, जन्मतारीख विचारली तर सांगू नका, असे बँका आणि पोलीस वृद्धांना सतत बजावीत असतात. ‘डिजिटल अरेस्ट’च्या भीतीने आयुष्याची पुंजी गमावलेल्यांत वृद्ध पुष्कळ आहेत. परीक्षेचे पहिलेच प्रश्न जर नाव-पत्त्याचे असतील, तर रिसीव्हर आपटणारे आजोबा सर्वांत शहाणे ठरतात!

आता थोडे गणित. समजा, परीक्षा बरीच चांगली आहे. शंभर रुग्णांतील ८५ ती ओळखते आणि शंभर निरोग्यांतील ८५ जणांना निर्दोष सोडते. हजार वृद्धांमागे ७४ रुग्ण धरले, तर त्यांतील ६३ सापडतील; पण उरलेल्या ९२६ निरोगी माणसांपैकी १३९ जणांवरही संशयाचा शिक्का बसेल. म्हणजे ज्यांना ‘तुमच्यात काहीतरी बिघाड आहे’ असे कळविले जाईल, त्यांतील दोनतृतीयांशांहून अधिक माणसे धडधाकट असतील. सरसकट सर्व वृद्धांच्या अशा चाचणीच्या बाजूने वा विरुद्ध शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०२० साली म्हटले, ते याच कारणाने विचारात घेण्यासारखे आहे. घरात मालमत्तेचा तंटा असेल, तर अशा शिक्क्याचा उपयोग कोण कसा करील, हे सांगावयास नको.

म्हणून दूरध्वनी टाकून द्यावा, असे नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा दोष, खिन्नता, औषधांचा दुष्परिणाम यांनीही स्मृती मंदावते आणि हे सारे उपचारसाध्य आहे. तेथे उशीर हाच अपराध होय. प्रश्न सरसकट सर्वांना विचारण्याऐवजी ज्या घरातून तक्रार येते तेथे विचारावेत, आणि आधी घरच्यांना विचारावेत: हिशेबात, स्वयंपाकात, औषधे घेण्यात पूर्वीपेक्षा फरक पडला आहे काय? अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेली आठ प्रश्नांची एक चाचणी याच तत्त्वावर आहे. व्यक्तीची तुलना ती तिच्याच पूर्वायुष्याशी करते, त्यामुळे शाळा शिकल्या न शिकल्याचा अडसर पुष्कळ कमी होतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी मात्र गावातील आशा सेविकेनेच प्रथम दारात जावयास हवे.

ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे क्रमांक आपल्याकडे आहेतच. त्यांत आणखी एकाची भर घालणे सोपे. त्या क्रमांकावरून ‘तपासून घ्या’ असे सांगितल्यावर काय? पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्य सरकारने २०२२ साली एस.टी.चा प्रवास मोफत केला. जिल्ह्याच्या स्थानकावर उतरल्यानंतर त्यांनी कोणत्या खोलीत, कोणत्या वारी आणि कोणाला भेटावयाचे, हे आरोग्य खात्याने आधी जाहीर करावे. नवा क्रमांक त्यानंतर.