गाडी उचला, पण कायद्याने!





वाट अडवणारी गाडी उचललीच पाहिजे, हे आधीच स्पष्ट सांगतो. बसथांब्याच्या तोंडाशी, दवाखान्याच्या फाटकात, चौकाच्या वळणावर किंवा पदपथावर गाडी लावून जो खुशाल खरेदीला जातो, त्याची वकिली करण्यासाठी हे पत्रक काढलेले नाही. पुण्यातल्या पेठांचे रस्ते मोटारी येण्याच्या कितीतरी आधीचे आहेत. शहरातल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा २०१८ सालीच माणसांच्या आकड्यापुढे गेला. अग्निशमन दलाचा बंब गल्लीच्या तोंडाशी अडकून पडतो तेव्हा आतली माणसे आपलीच असतात. रस्ता मोकळा राहावा ही आमचीही मागणी आहे.

तक्रार वेगळीच आहे. कोणती गाडी उचलायची, हे आज प्रत्यक्ष रस्त्यावर कोण ठरवतो? ज्याला उचललेल्या प्रत्येक गाडीमागे पैसे मिळतात, तो ठेकेदार आणि त्याची पोरे. सगळ्या दुखण्याचे मूळ इथे आहे.

कोणत्याही गर्दीच्या रस्त्यावर अर्धा तास उभे राहा आणि नीट बघा. टोइंगचा टेम्पो येतो. भोंग्यावरून पुकारा झालाच, तर तो टेम्पो थांबल्यावर होतो. दुकानातल्या माणसाच्या कानावर नंबर पडेपर्यंत गाडी जमिनीवरून उचललेली असते. मागच्या फळीवरून पोरे खाली उड्या टाकतात. एकजण पुढचा फोर्क धरतो, दुसरा मागची पकड. हँडल लॉक असले तरी त्यांचे काही अडत नाही. वर चढवलेल्या गाड्या एकमेकींना खेटून कोंबल्या जातात, एकीचा ब्रेकचा दांडा दुसरीच्या पत्र्यात रुततो, आरसा वाकतो, इंडिकेटर तडकतो. वर्दीतला पोलीस बहुतेक वेळा चालकाशेजारी बसून असतो. आणि त्याच रस्त्यावर, चार पावलांवर, दुहेरी रांगेत माल उतरवणारा टेम्पो आणि बसथांब्यावर लुकलुकते दिवे लावून उभी असलेली मोठी मोटार जागची हलत नाही. त्यांना उचलायला क्रेन लागते, वेळ जातो, मालक आला तर हुज्जत होते. तेवढ्या वेळात चार-पाच स्कूटर टेम्पोत चढतात. प्रत्येक नगावर पैसे मोजणाऱ्या ठेक्यातून दुसरे काही घडेल अशी अपेक्षाच चुकीची आहे. दोष त्या पोरांचा नाही. ती पोटासाठी राबतात, बहुधा नोंदीशिवाय आणि विम्याशिवाय. दोष ठेक्याच्या रचनेचा आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १२७ वाचा. सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून अधिक वेळ बेवारस वा कोणाच्या लक्षाविना सोडलेले वाहन, किंवा जिथे उभे करण्यास कायद्याने मनाई आहे तिथे लावलेले वाहन हलवण्याचा किंवा त्याला जामर लावण्याचा अधिकार हे कलम देते. देते कोणाला? त्या हद्दीतल्या, गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला. गाडी टोइंग सेवेने ओढून न्यावी, हे तो ठरवतो. रहदारीला धोका होत असेल तर गाडी ताबडतोब हटवण्याची तरतूदही याच कलमात आहे. ओढून नेण्याचा खर्च मालकाने भरायचा, हेही त्यातच आहे आणि ते आम्हाला मान्य आहे. पण 'कायद्याने मनाई असलेली जागा' याचा अर्थ अधिसूचना निघालेली आणि फलक लावलेली जागा असाच होतो. झाडाच्या फांदीआड लपलेला, फ्लेक्सने झाकलेला, तारखेप्रमाणे बाजू बदलणारे पार्किंग पी-१ की पी-२ हे धड वाचता न येणारा फलक म्हणजे मनाई नव्हे. आणि अधिकाऱ्याने गाडी बघून, हिच्यामुळे अडथळा होतो हे ठरवून आज्ञा द्यायची असते. टेम्पोत बसून मान हलवणे म्हणजे अधिकार बजावणे नव्हे.

दंडाचे म्हणाल, तर त्यासाठी गाडी उचलण्याची गरजच उरलेली नाही. महाराष्ट्रात ई-चलन आले त्याला वर्षे झाली. नंबर प्लेटचा फोटो काढला की दंड मालकाच्या नावावर चढतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नो पार्किंगचा पहिला दंड ५०० रुपये झाला आणि पुन्हा तीच चूक केली तर १५०० पर्यंत. ही रक्कम लहान नाही. म्हणजे शिक्षेसाठी चलन आहे आणि रस्ता मोकळा करण्यासाठी टोइंग आहे. ही दोन कामे वेगळी आहेत. ती एकत्र केल्यामुळेच कोणाची वाट न अडवता रांगेत नीट लावलेली स्कूटर उचलली जाते, मालकाला दंडावर टोइंगचा आकार आणि त्यावर कर भरावा लागतो, आणि खरा अडथळा तिथेच उभा राहतो.

गाडी उचलल्यानंतर काय होते, ते ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. औषधे घेऊन दुकानाबाहेर आलेला माणूस रिकाम्या जागेकडे बघत उभा राहतो. गाडी चोरीला गेली की उचलली, हे त्याला कोणी सांगत नाही. शेजारचा पानवाला म्हणतो, "आत्ताच नेली, बघा, त्या चौकीत असेल." तिथे नसते, दुसरीकडे असते. रिक्षा करून तिथे जायचे, पावती फाडायची आणि पुलाखालच्या धुळीत, एकमेकींवर रेललेल्या गाड्यांतून आपली ओढून काढायची. ओरखडे कोणी पाडले, डिकीतला रेनकोट कुठे गेला, हे विचारले तर उत्तर ठरलेले: "गाडी अशीच होती." ती 'अशीच' होती की नव्हती, याचा पुरावा कोणाकडेच नसतो, कारण उचलण्याआधी कोणी फोटो काढलेला नसतो. आमच्यापैकी अनेकांनी हे सोसले आहे. रात्री नऊ वाजता कडेवर मूल घेऊन गाडी शोधत फिरणाऱ्या बाईचे हाल आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत.

अशा नुकसानीला कोणी जबाबदार नसतो, अशी बहुतेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. सरकारने ताब्यात घेतलेल्या मालाचा सांभाळ सरकारनेच करायचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच सांगून ठेवले आहे. गुजरात सरकार विरुद्ध मेमन महंमद हाजी हसन हा तो खटला. जुन्या जुनागढ संस्थानाच्या जकात अधिकाऱ्यांनी दोन ट्रक आणि एक स्टेशन वॅगन जप्त केली होती. ती वाहने कोणाच्याही देखरेखीविना पडून राहिली, सुटे भाग चोरीला गेले, नुसते सांगाडे उरले आणि अखेर ती बेवारस माल म्हणून विकली गेली. पुढे जप्ती रद्द झाली आणि मालकाने गाड्या परत मागितल्या. करार झालेला नव्हता म्हणून आमच्यावर जबाबदारी नाही, असे सरकार म्हणाले. न्यायालयाने ते मानले नाही. जप्तीतून परत करण्याचे कर्तव्य येते, आणि तोवर वस्तूची वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्यही येते, असा निकाल झाला आणि सरकारला गाड्यांची किंमत मोजावी लागली. २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात, जप्त वाहने पोलीस ठाण्यात कुजत ठेवू नका, फोटो व पंचनामा करून ती लवकर सोडा, असेही याच न्यायालयाने बजावले. ते खटले जप्तीचे होते हे मान्य. पण गुन्ह्यात किंवा तस्करीत धरलेल्या गाडीची एवढी कदर करायची, आणि नो पार्किंगमधल्या स्कूटरची मात्र करायची नाही, हे कोणत्या न्यायात बसते?

यंत्राची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती कोणी लक्षातच घेत नाही. हँडब्रेक ओढलेली मोटार पुढून उचलली की मागची चाके न फिरता रस्त्यावर घासत जातात. ऑटोमॅटिक गिअरची मोटार गती देणारी चाके जमिनीवर ठेवून ओढली की गिअरबॉक्स बिघडतो. विजेवरच्या मोटारी सपाट ट्रकवर चढवूनच न्या, असे उत्पादक सांगतात. पुण्यात आज अशा गाड्या किती आहेत ते पाहा, आणि टोइंगवाल्यांना याचे प्रशिक्षण कोणी दिले ते विचारा.

अतिरेक झाला की काय होते, तेही आपण पाहिले. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत मालाडला गाडीत बाई आणि तान्हे मूल असताना गाडी ओढली जात असल्याची चित्रफीत देशभर फिरली आणि एक पोलीस निलंबित झाला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात आपल्याच नाना पेठेत दुचाकी तिच्यावर बसलेल्या माणसासकट क्रेनने वर उचलली गेली. त्यावरही कारवाई झाली. माणूस बदलला, पद्धत तीच राहिली. २०२२ मध्ये मुंबईच्या तत्कालीन पोलीस आयुक्तांनी प्रायोगिक तत्त्वावर टोइंग थांबवले. ते निवृत्त झाले आणि गाड्या पुन्हा उचलल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षी बेंगळुरूत लोकांचा संताप एवढा झाला की कर्नाटक सरकारला टोइंग स्थगित करावे लागले. एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर सुरू होणारी आणि दुसऱ्याच्या मर्जीवर बंद पडणारी व्यवस्था आम्हाला नको. आम्हाला लिखित नियम हवा.

नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारकडे आहे. त्याच कायद्याच्या कलम १३८ मध्ये रस्त्यावर सोडलेली वाहने हटवणे आणि ती सुरक्षित ताब्यात ठेवणे, याविषयी राज्याने नियम करावेत अशी तरतूद आहे. 'सुरक्षित ताबा' हे शब्द कायद्यातच आहेत. म्हणून गृह आणि परिवहन खात्यांनी मिळून टोइंगची स्वतंत्र नियमावली करावी आणि ती विधिमंडळापुढे ठेवावी.

त्या नियमावलीत सर्वांत आधी ठेकेदाराला नगावर पैसे देणे बंद झाले पाहिजे. वाहनाचे आणि माणसांचे भाडे पाळीप्रमाणे द्या. दिवसात शंभर गाड्या उचलल्या काय आणि पाच उचलल्या काय, रक्कम तीच राहू द्या. एवढी एकच गोष्ट झाली तरी निम्म्या तक्रारी मिटतील, अशी आमची खात्री आहे. मग अडवणारी मोटार सोडून स्कूटरच्या मागे लागण्यात कोणाचाच फायदा उरणार नाही. बाकीचे ओघाने येईल. पुकारा करून काही मिनिटे थांबावे. अधिकाऱ्याने खाली उतरून, फलक दिसेल असा गाडीचा चारी बाजूंनी फोटो काढावा. टेम्पो निघण्याआधी मालक आला तर चलन करून गाडी जागेवरच सोडावी. गाडी कुठे नेली हे त्याच क्षणी मालकाच्या मोबाइलवर कळवावे, मोबाइल क्रमांक सरकारच्या नोंदीत असतोच. मोडतोड झाली तर ठेकेदाराच्या अनामत रकमेतून भरपाई द्यावी. अपंगांच्या गाड्यांना आणि आत माणूस बसलेल्या कोणत्याही गाडीला हात लावू नये.

महापालिकेलाही सोडून चालणार नाही. वाहनतळाचे धोरण मार्च २०१८ मध्ये मुख्य सभेने मंजूर केले. ते रस्त्यावर उतरलेले आम्हाला तरी दिसत नाही. इमारतींच्या नकाशात पार्किंग म्हणून दाखवलेल्या तळघरांत आज दुकाने आणि गोदामे आहेत. जागा द्यायची नाही आणि गाडी उचलून पैसे घ्यायचे, हे नागरिकांवर उघड अन्याय करणारे आहे.

सोसायट्या आणि मॉल यांच्यासाठीही एक शब्द. कलम १२७ चा अधिकार पोलिसांचा आहे. तो तुमच्या पहारेकऱ्याला मिळालेला नाही. चाकाला जामर लावून पैसे घेतल्याशिवाय गाडी न सोडणे हे त्याचे काम नव्हे. इंग्लंड आणि वेल्समध्ये खाजगी जागेत असे जामर लावणे आणि गाड्या ओढून नेणे १ ऑक्टोबर २०१२ पासून गुन्हा ठरले आहे. आपल्याकडेही तसाच स्पष्ट नियम हवा.

आता तुमच्याकडून हवे ते सांगतो. गाडी उचलताना दिसली की शांतपणे चित्रीकरण करा. पोरांशी मारामारी करू नका, अधिकाऱ्याला खाली उतरायला सांगा. ताब्यात घेण्याआधी गाडीभोवती फिरून बघा, नुकसान दिसले तर त्याची लेखी तक्रार देऊन पोच घ्या. आणि माहिती अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करून आपल्या शहराच्या टोइंग ठेक्याची प्रत मागा: प्रत्येक गाडीमागे ठेकेदाराला किती पैसे मिळतात, गेल्या वर्षी किती दुचाकी आणि किती मोटारी उचलल्या, नुकसानभरपाई किती जणांना दिली. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. ते आले की आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला दाखवा, आणि सभागृहात प्रश्न विचारायला लावा.

आपले नम्र,
पुण्यातील काही वाहनधारक व पादचारी नागरिक

(वाचून झाल्यावर हे पत्रक शेजाऱ्याला द्यावे, ही विनंती.)