पाखरू घरट्यात बसून राहत नाही

“पाखरं कुठे धान्य साठवतात? तरी अल्लाह त्यांना देतोच ना!” मुलीचं शिक्षण असो, औषधोपचार असो की धंद्याचा हिशेब, आपल्याकडे हे उत्तर तयार असतं. मला ते मान्य नाही. ते अर्धंच सांगितलं जातं.

सूरह अन्कबूतच्या ६०व्या आयतीत आपलं अन्न सोबत न वाहणाऱ्या जिवांचा उल्लेख जरूर आहे. पण चार आयती मागे जा. ५६व्या आयतीत अल्लाह आपली धरती विशाल असल्याचं सांगतो. भाष्यकारांनी हा संदर्भ हिजरतचा मानला आहे. मक्का सोडली तर खायचं काय, या भीतीने अडलेल्यांना घराबाहेर काढण्यासाठी दिलेला हा दाखला! आणि आपण तोच घरात बसण्यासाठी वापरतो.

तिर्मिजीच्या हदीसमधलं पाखरूही सकाळी उपाशी निघतं, तेव्हा संध्याकाळी पोट भरून परततं. मधमाशीलाही आधी घर बांधायचा आदेश आहे, मग फळांचा.

आणि हजरत मरियम (अ.)? प्रसूतीच्या वेदनांनी खचलेल्या, एकट्या. खजूर आपोआप ओंजळीत पडणं अल्लाहला अशक्य होतं का? तरी खोड हलवायला त्यांनाच सांगितलं गेलं. (खजुराचं खोड कधी हलवून पाहा, धडधाकट माणसालाही दाद देत नाही.)

मग दुपारपर्यंत कट्ट्यावर बसून “अल्लाह मालिक है” म्हणणाऱ्या तरण्याताठ्या पोराला ही सवलत कोणी दिली? जुम्म्याच्या बयानात पाखराचं नाव घेणाऱ्यांनी तरी त्याच्या पंखांबद्दल बोलावं.