दारातली गर्दी



मार्काच्या दुसऱ्या अध्यायातली पक्षाघाती माणसाची गोष्ट आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे. चौघांनी त्याला उचलून आणले, छप्पर उसकटले, बाज खाली सोडली. उपदेश ऐकताना आपण स्वतःला नेहमी त्या चौघांत धरतो. पण छप्पर काढावे का लागले? दारात गर्दी होती म्हणून. ती वाईट माणसे नव्हती, प्रभूचे वचन ऐकायलाच आली होती. आम्हांला वाटते, वासण्यातली आपली मंडळी म्हणजे ती गर्दी आहे.

आपल्या प्रार्थनागृहाला तीन पायऱ्या आहेत. आपल्यातले एक भाऊ व्हीलचेअरवर येतात. दर रविवारी चार तरुण त्यांना खुर्चीसकट उचलतात आणि आपण कौतुकाने पाहतो. एकदा तर फोटोही काढला. दर आठवड्याला असे उचलले जाताना त्यांना काय वाटते, हे कुणी विचारले नाही. पाऊस असला की ते येत नाहीत, आणि आपण त्यांची प्रार्थनेत आठवण ठेवतो. बुधवारची घरगुती प्रार्थनासभा तर बहुधा लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर. सरकारी कागदावर अपंगांचे दिव्यांग झाले, तसे आपणही लगेच म्हणू लागलो. शब्द बदलायला खर्च येत नाही.

खर्चाचेच बोलायचे तर तीन पायऱ्या म्हणजे सुमारे ४५ सेंटीमीटर उंची. एकास बारा या प्रमाणाने उताराला साधारण साडेपाच मीटर लांबी लागते. जागा नाही, असे पंचांच्या बैठकीत ठरले. त्याच जागेत नाताळचा मांडव बसतो, एरवी पंधरा स्कूटर बसतात. २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा सार्वजनिक इमारतींत धार्मिक वापराच्या खाजगी इमारतीही धरतो, म्हणून 'आमचे खाजगी आहे' ही सबब चालायची नाही. पण उतार कायद्याच्या धाकानेच बांधायचा, तर दर रविवारी आपण काय ऐकतो?

आणि उतार झाला तरी काम संपले असे नाही. वर आणून त्यांना मागच्या बाकाशेजारी बसवायचे, बरे होण्यासाठी डोक्यावर हात ठेवायचे, नाताळला फराळाचा डबा द्यायचा, एवढीच आपली कल्पना आहे. बार्तीमय आंधळा आहे हे प्रभूला दिसत नव्हते काय? तरी त्याने आधी विचारले, तुझ्यासाठी मी काय करावे? त्याला गप्प बसवणारी मात्र गर्दीच होती.

आपल्याच मराठी ख्रिस्ती घरात हे पूर्वी कळले होते. ॲना मिलर्ड बाईंनी अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत १९०० साली अंधांची शाळा काढली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवली. अन्नवस्त्र देऊन त्यांना थांबता आले असते. पण ब्रेल आली की मुलगी शास्त्र स्वतः वाचते, कुणी वाचून दाखवील म्हणून वाट पाहत बसत नाही.

मागच्या रविवारी, फार उशिरा, आम्ही त्या भावांना विचारले. उताराचे ते म्हणालेच, पण आधी म्हणाले, "शास्त्रवाचनाच्या यादीत माझं नाव घाला. माइक जरा खाली आणावा लागेल, बस." अकरा वर्षे ते मंडळीत आहेत. पुढच्या महिन्याची यादी या शनिवारी लागते.