मान्यता आधीं पाहावी, मग पैसे भरावे

कोणत्याही शास्त्राच्या आरंभीं अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन या चार गोष्टींचा उलगडा करावा, असा आपल्या जुन्या ग्रंथकारांचा दंडक आहे. नर्सिंगच्या शिक्षणाचा विचार करितांना यांपैकीं तीन गोष्टी आपल्या लोकांस सहज सुचतात. ‘संबंध’ मात्र तपासावयाचा राहून जातो. म्हणजे आज घेतलेलें शिक्षण उद्यांच्या शिक्षणास जोडलें जाईल कीं नाहीं, हें कोणी पाहात नाहीं.

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील कित्येक मुली व सुना या विद्येकडे वळतात. तेथें रजिस्टर्ड नर्स होण्याचा कमी खर्चाचा मार्ग म्हणजे कम्युनिटी कॉलेजांतील सुमारें दोन वर्षांची असोशिएट पदवी. मिल्ड्रेड मॉन्टॅग या विदुषीच्या योजनेवरून १९५२ सालीं हा मार्ग प्रयोगादाखल सुरू झाला. अभ्यासक्रम पुरा करून परवान्याची परीक्षा उत्तीर्ण झालें कीं नोकरी करतां येते, आणि नोकरी संभाळून पुढें नर्सिंगची बॅचलर पदवीही घेतां येते. न्यूयॉर्क राज्यानें तर २०१७ सालीं कायदा करून नव्या नर्सेसनीं दहा वर्षांच्या आंत ही पदवी मिळविलीच पाहिजे असें ठरविलें. तेव्हां पहिली पायरी चढण्यापूर्वींच दुसरी तिला जोडलेली आहे ना, हें पाहणें भाग आहे.

घोटाळा होतो तो ‘मान्यता’ या शब्दानें. कारण त्याच्या पोटांत तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली, राज्याच्या नर्सिंग बोर्डाची संमति. परवान्याच्या परीक्षेसाठीं ती महत्त्वाची. पण तेवढ्यानें वरच्या वर्गाचें दार उघडतेंच असें नाहीं. दुसरी, सबंध कॉलेजाची मान्यता. एका ठिकाणचे क्रेडिट दुसरीकडे धरले जातात ते मुख्यतः हिच्या बळावर. तिसरी, खुद्द नर्सिंगच्या अभ्यासक्रमाची मान्यता. ही देणाऱ्या संस्थांत ए. सी. ई. एन. आणि सी. सी. एन. ई. या दोन प्रमुख होत. पहिली संस्था असोशिएट पदवीचेही अभ्यासक्रम तपासते. दुसरी पदव्यांपैकीं फक्त बॅचलर व तिच्या वरच्या पदव्यांचे तपासते. म्हणून कम्युनिटी कॉलेजाचें नांव दुसरीच्या यादींत न दिसल्यास घाबरूं नये. उलट, एखाद्या कॉलेजाचा बॅचलर अभ्यासक्रम मान्य आहे, म्हणून तेथील असोशिएट अभ्यासक्रमही मान्य असलाच पाहिजे, असेंही समजूं नये.

मान्यता देणाऱ्यांस तरी कोणाची मान्यता आहे, हाही प्रश्न गौण नव्हे. आय. टी. टी. टेक्निकल इन्स्टिट्यूट या शंभरांहून अधिक शाखांच्या संस्थेनें सप्टेंबर २०१६ मध्यें एकाएकीं दारें बंद केलीं. तेथें नर्सिंगही शिकवीत असत. संस्था कागदोपत्रीं मान्यताप्राप्त होती. तरीही तेथील क्रेडिट घेण्यास कित्येक कॉलेजें राजी नव्हतीं. ज्या मंडळानें तिला मान्यता दिली होती, त्या मंडळाचाच अधिकार पुढें २०२२ सालीं अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षणखात्यानें अखेर काढून घेतला. कित्येक विद्यार्थ्यांचीं सरकारी कर्जें पुढें माफ झालीं. पण वयाचीं जीं वर्षें खर्ची पडलीं तीं कोण भरून देणार?

यास्तव तपासाचा क्रम सांगतों. कॉलेजाच्या माहितीपत्रकावर विसंबूं नये. मान्यता देणाऱ्या संस्थेची स्वतःची यादी पाहावी. तींत अभ्यासक्रमाचें व शाखेचें नांव बरोबर जुळतें का, मान्यतेस कांहीं अट वा ताकीद जोडली आहे का, पुढील तपासणी कोणत्या वर्षीं आहे, हें टिपून घ्यावें. ‘उमेदवार’ असा शेरा असल्यास ती मान्यता नव्हे, केवळ मान्यतेची आशा होय. नंतर ज्या युनिव्हर्सिटींत पुढें जावयाचें असेल, तिलाच लेखी विचारावें: असोशिएट अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असलाच पाहिजे काय? किती क्रेडिट धरले जातील? किमान गुण किती लागतात? कांहीं युनिव्हर्सिट्या अभ्यासक्रमाच्या मान्यतेचा आग्रह धरतात. कांहींना कॉलेजाची मान्यता व परवाना पुरतो. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत नेमणूक करितांनाही ही मान्यता पाहतात. उत्तर तोंडीं मिळाल्यास तें लेखी मागून घ्यावें.

मुलीच्या शिक्षणासाठीं येथून पैसे पाठविणारे आईबाप फी किती आणि राहण्याची सोय काय, एवढेंच बहुधा विचारतात. त्यांनीं पहिला हप्ता पाठविण्यापूर्वीं वरील दोन कागद, म्हणजे यादींतील नोंद आणि युनिव्हर्सिटीचें उत्तर, मागवून डोळ्यांखालून घालावे. यांत मुलीवर अविश्वास मुळींच नाहीं. परक्या देशांत दिवसा काम आणि रात्रीं अभ्यास करणाऱ्या मुलीचे श्रम वाया जाऊं नयेत, एवढाच त्यांतला हेतु. तहान लागल्यावर विहीर खणणें केव्हांही महागच पडतें.