छेद लहान, पण हिशेब कोठे आहे?

नॉर्वेची लोकवस्ती ५५ लक्षांच्या घरात आहे. म्हणजे मुंबईच्या निम्मीही नाही. त्या चिमुकल्या देशाने २०१८ सालच्या अखेरीस घेतलेला एक निर्णय आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते. गुदाशयाच्या कर्करोगावरील एक शस्त्रक्रिया त्या देशाने सर्वत्र थांबविली. ती शस्त्रक्रिया जुनाट नव्हती. उलट शल्यविशारदांच्या परिषदांतून त्या काळी तिचाच बोलबाला होता. कोणा न्यायालयाने तिला मनाई केली नव्हती, की कोणा मंत्र्याने फर्मान काढले नव्हते. त्या क्षेत्रातील शल्यविशारदांनीच आपली नोंदवही उघडली, आकडे वाचले आणि हातातील हत्यार खाली ठेवले.

गुदाशय हा मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. तो कमरेच्या हाडांच्या खोल व अरुंद पोकळीत असतो. कर्करोग झाला म्हणजे तो भोवतालच्या चरबीच्या आवरणासकट अखंड काढावा लागतो. हे आवरण फाटले, की रोगाचा अंश मागे राहतो आणि वर्षा-दोन वर्षांत तो त्याच जागी पुन्हा डोके वर काढतो. इंग्लंडमधील बेसिंगस्टोक येथील शल्यविशारद बिल हील्ड यांनी १९८२ साली हे तत्त्व मांडले आणि या रोगाच्या चिकित्सेचा चेहरामोहराच बदलून गेला. परंतु पुरुषाच्या अरुंद कटीत, त्यातून रुग्ण स्थूल असेल तर, वरून इतक्या खोल पोहोचणे महाकठीण. म्हणून खालून, गुदद्वाराच्या वाटेने, दुर्बीण व हत्यारे घालून हेच काम करण्याची युक्ती निघाली. अशा पहिल्या रुग्णाचा वृत्तांत २०१० साली प्रसिद्ध झाला. युक्ती बुद्धीला पटणारी होती. चार वर्षांत ती नॉर्वेतही पोहोचली.

तेथे ऑक्टोबर २०१४ ते ऑक्टोबर २०१८ या काळात १५७ रुग्णांवर ही शस्त्रक्रिया झाली. त्यांपैकी १२ जणांत रोग कटीच्या पोकळीत पुन्हा उद्भवला. आणि बहुतेकांत तो एका जागी न उगवता ठिकठिकाणी पसरलेला आढळला. सुमारे अडीच वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण शेकडा ११.६ पडते, असा हिशेब निघाला. देशातील इतर रुग्णांत तेच प्रमाण शेकडा २.४ होते. आतड्याचा नवा सांधा गळून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाणही शेकडा ४.५ च्या जागी ८.४ झाले होते.

नॉर्वेला हे कळले कसे? आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म या प्रश्नात आहे. त्या देशाने १९९३ पासून गुदाशयाच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची राष्ट्रीय नोंद ठेविली आहे: शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात झाली, कोणत्या पद्धतीने झाली, पुढे रुग्णाचे काय झाले. एकेका रुग्णालयाच्या वाट्याला मोजकेच रुग्ण येत होते. तेथील शल्यविशारदाला आपल्या दोन-तीन रुग्णांचे दुर्दैव हे केवळ दुर्दैवच वाटले असते. सर्वांचे रुग्ण एका वहीत आले, तेव्हाच त्या दुर्दैवाला आकार आला.

नेदरलँड्समधील अनुभवही बोलका आहे. तेथे रीतसर शिक्षण घेऊन ही पद्धत सुरू करणाऱ्या १२ रुग्णालयांच्या पहिल्या दहा-दहा रुग्णांचा मागोवा घेण्यात आला. १२० पैकी १२ जणांत रोग उलटला होता. पुढे हात बसला तसे परिणाम सुधारले आणि मुरलेल्या केंद्रांतून चांगले निष्कर्षही प्रसिद्ध झाले. तेव्हा ही पद्धत सर्वथा त्याज्य आहे असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु हात बसेपर्यंतचे जे पहिले दहा रुग्ण असतात, तेही कोणाचे तरी वडील अथवा आई असतात. आपण त्या दहांतले आहोत, हे त्यांना कोणी सांगितले होते काय?

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा एकूण इतिहासच या दृष्टीने उद्बोधक आहे. अमेरिकेतील मायामी येथे १९९० साली मोठ्या आतड्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊ लागल्या. थोड्याच काळात काही रुग्णांच्या पोटावरील त्या इवल्याशा छिद्रांतच कर्करोगाच्या गाठी उगवल्याची वार्ता आली. नेदरलँड्समधून १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तांतात तर १४ पैकी ३ रुग्णांची ही गत झाली होती. त्या वेळी दोन मार्ग खुले होते. भिऊन पद्धतच टाकून द्यावी, किंवा डोळे मिटून चालू ठेवावी. अमेरिकेतील शल्यविशारदांनी तिसरा मार्ग धरला. कर्करोगासाठी ही शस्त्रक्रिया करावयाची तर ती चाचणीच्या शिस्तीतच करावयाची, असे त्यांनी ठरविले. ४८ रुग्णालये एकत्र आली. कोणाचे पोट उघडावयाचे आणि कोणावर दुर्बिणीने काम करावयाचे हे शल्यविशारदाच्या लहरीवर न सोडता, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविले गेले. ज्याने अशा वीस तरी शस्त्रक्रिया केल्या नाहीत आणि आपल्या कामाची न कापलेली चित्रफीत परीक्षकांपुढे ठेविली नाही, त्याला या चाचणीत प्रवेशच नव्हता. ८७२ रुग्णांचा हा हिशेब २००४ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात शेकडा १६ व पोट उघडलेल्या गटात १८. जखमेत रोग उगवण्याचे प्रमाण दोहोंकडे शेकडा एकाहून कमी. दहा वर्षांचे भय अशा रीतीने संपले. आज मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा रुग्ण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला निर्धास्तपणे संमती देतो, त्यामागे या अनामिक ८७२ माणसांचे ऋण आहे.

परंतु मोठ्या आतड्याविषयी जे सिद्ध झाले, ते गुदाशयालाही लागू पडेल असे गृहीत धरून चालत नाही. २०१५ सालीच याची प्रचीती आली. मुख्यतः युरोपातील १०४४ रुग्णांच्या चाचणीत दोन्ही पद्धतींत तीन वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण सारखेच, शेकडा ५ भरले. त्याच वर्षी अमेरिकेतील एक आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील एक, अशा दोन चाचण्यांत मात्र काढलेला भाग तपासला असता दुर्बिणीची पद्धत उघड्या पद्धतीहून कमी प्रतीची नाही, हे सिद्ध करता आले नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तर याहूनही मोठा धक्का बसला. २०१८ सालच्या चाचणीत, लहान छेदाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांपैकी साडेचार वर्षांनंतर शेकडा ८६ रोगमुक्त होत्या. पोट उघडलेल्यांपैकी शेकडा ९६.५. लहान छेद तो हितकारक, ही समजूत स्वाभाविक असली तरी शरीराला ती मान्य असेलच असे नाही.

आता यंत्रमानवाचे युग अवतरले आहे. आमच्या शहरांतील रस्त्यांवरून जाणाऱ्यास त्याच्या हातांची छायाचित्रे असलेले भव्य फलक दिसतात. हे यंत्र कोट्यवधी रुपयांचे. ज्याने ते विकत घेतले, त्याला त्याची किंमत रुग्णांकडूनच वसूल करावी लागणार. दहा देशांतील ४७१ रुग्णांच्या २०१७ सालच्या चाचणीत, मध्येच पोट उघडावे लागण्याचे प्रमाण यंत्रमानवाच्या गटात शेकडा ८.१ व साध्या दुर्बिणीच्या गटात १२.२ निघाले, हा फरक योगायोगाचाही असू शकेल असा निर्वाळा संशोधकांनीच दिला. पुढे चीनमधून यंत्राला अधिक अनुकूल निष्कर्ष आले आहेत. म्हणजे प्रश्न अजून वादातच आहे. फलकांवर मात्र वादाचा मागमूस नाही.

आम्ही दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे विरोधक नव्हे. ज्या मुंबईतील जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० साली भारतातील पहिली दुर्बिणीची पित्ताशयशस्त्रक्रिया केली, त्या शहराने तसे असूही नये. हातावर पोट असणाऱ्या माणसाला लवकर कामावर जाता यावे म्हणून ही विद्या गरिबालाच अधिक हवी, असे ते आग्रहाने सांगत आले. त्यांचे म्हणणे आम्हांस पूर्ण मान्य आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. नवे औषध बाजारात आणावयाचे तर २०१९ चे नियम आहेत, चाचणी आहे, परवाना आहे. शस्त्रक्रियेसाठी वापरावयाच्या उपकरणालाही २०१७ चे नियम लागू आहेत. परंतु तेच उपकरण हाती घेऊन शरीरात नव्या वाटेने शिरावयाचे, तर त्या नव्या वाटेचा हिशेब मागणारा कोणी नाही! उद्या नॉर्वेसारखा प्रकार महाराष्ट्रात घडला, तर तो उघडकीस कसा येणार? सोलापूरचा रुग्ण पुण्यात शस्त्रक्रिया करून घेतो, रोग उलटल्यावर मुंबई गाठतो; पहिल्या शल्यविशारदाला त्याचे पुढे काय झाले हे कळतही नाही.

नोंदी ठेवण्याची परंपरा आमच्यापाशी नाही असे मात्र कोणी म्हणू नये. देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोगनोंदणी मुंबईतच १९६३ साली सुरू झाली आणि ग्रामीण भागातील पहिली नोंदणी १९८७ साली बार्शीने सुरू केली. परंतु कोणाला कोठे कोणता कर्करोग झाला, हे मोजणे या नोंदींचे मुख्य काम. कोणती शस्त्रक्रिया झाली, सांधा टिकला की गळला, पोटावर पिशवी कायमची आली काय, रोग उलटला काय, याचे राज्यव्यापी पुस्तक आपल्याला वेगळे घालावे लागेल. आणि शल्यक्रियेतील शिस्तबद्ध चाचणी आमच्या आवाक्याबाहेरची आहे हेही खोटे. शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती एक स्वस्त भूल देणारे औषध टोचल्याने स्तनाच्या कर्करोगात आयुष्य वाढते काय, याची चाचणी टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने भारतातील ११ केंद्रांनी १६०० स्त्रियांच्या साह्याने केली. तिचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला, आणि तो अनुकूल आहे.

अशा नोंदींना शल्यविशारदांचा विरोध होईल, हे आम्ही जाणून आहो. त्यांची एक शंका खरीही आहे: अपयशाचे आकडे जाहीर होऊ लागले, तर अवघड रुग्णाला हात लावावयास कोणी धजणार नाही. म्हणूनच रोग किती पुढे गेला होता याची नोंद शस्त्रक्रियेपूर्वीच व्हावी आणि हिशेब त्या मानाने केला जावा. कोणाचे नाव चव्हाट्यावर आणावे असा आमचा आग्रह नाही. वही समव्यवसायी शल्यविशारदांच्याच मंडळाने तपासावी. मात्र ती वही असलीच पाहिजे.

सरकारपाशी यासाठी साधन नाही असेही नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचे पैसे शासन भरते. ज्याचे पैसे त्याला परिणाम विचारण्याचा हक्क आहे. या योजनेत गुदाशयाच्या कर्करोगाचे बिल मंजूर करण्यापूर्वी शस्त्रक्रियेची पद्धत, आणि त्यानंतर तीस दिवस, एक वर्ष व तीन वर्षांनी रुग्णाची स्थिती कळविण्याची अट आरोग्यखात्याने घालावी. पुढील दोन मुदतींत माहिती न देणाऱ्या रुग्णालयाला योजनेतून वगळावे. प्रारंभ मुंबई, पुणे व नागपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांपासून करता येईल. खाजगी रुग्णालयांना एक वर्षाची सवलत द्यावी. यंत्रमानवावर सरकारी पैसा खर्च करण्याचा कोणताही प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे आला, तर ही वही सुरू होईपर्यंत त्याला मंजुरी देऊ नये, अशी आमची मागणी आहे.