विश्लेषण : बर्ड फ्लूने कोंबडी मरते, मग बदक का तगते?

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. तपासणीत कारण निघाले एच५एन१, म्हणजेच बर्ड फ्लूचा विषाणू. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत हा विषाणू दुभत्या गाईंमध्ये सापडला होता. मात्र अनेक रानबदके तो अंगात घेऊन दूरवर उडतात, कोंबड्या दोन-तीन दिवसांत मरतात आणि माणसाला तो सहजासहजी होत नाही. एकाच विषाणूचे प्राण्यागणिक इतके वेगळे परिणाम कशामुळे? याच्या उत्तराचा मोठा भाग ‘इंटरफेरॉन’ या प्रथिनांत आहे.

इंटरफेरॉन काय करते?

पेशीत विषाणू शिरला, की ती पेशी इंटरफेरॉन बाहेर सोडते. ते विषाणूला थेट मारत नाही. आजूबाजूच्या पेशींना सावध करते. गावात चोर शिरल्याची हाक एका घरातून आली, की बाकीची घरे कड्या लावून घेतात, तसेच हे. सावध झालेल्या पेशीत शेकडो जनुके कामाला लागतात. कुठे विषाणूच्या आरएनएचे तुकडे होतात, कुठे नवी प्रथिने बनणे थांबते, कुठे विषाणूचे भाग अडवले जातात. अँटिबॉडी तयार व्हायला अनेक दिवस लागतात. ही यंत्रणा काही तासांत जागी होते. फ्लूमधला ताप आणि अंगदुखी यातही इंटरफेरॉनचा वाटा असतो.

एका प्राण्याचे इंटरफेरॉन दुसऱ्याला चालते का?

सहसा नाही. १९५७ मध्ये लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जीन लिंडेनमन यांनी इंटरफेरॉन शोधले, ते कोंबडीच्या अंड्यातील पडद्यावर, फ्लूच्याच विषाणूने. पण कोंबडीचे इंटरफेरॉन माणसाच्या पेशींवर जवळपास निष्प्रभ ठरते. प्रत्येक प्राण्यात इंटरफेरॉन आणि ते ओळखणारा पेशीवरचा ग्राहक ही जोडी कुलूप-किल्लीसारखी एकत्र घडत आली आहे. म्हणूनच हिपॅटायटिससाठी औषध म्हणून वापरलेले इंटरफेरॉन मानवी जनुकापासून बनवावे लागले.

बदक आणि कोंबडीत फरक कुठे?

फरक धोका ओळखण्यात आहे. फ्लूचा आरएनए ओळखून इशारा देणारे ‘रिग-आय’ नावाचे प्रथिन बदकात आहे, कोंबडीत नाही. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये हे दाखवले. बदकाचे रिग-आय कोंबडीच्या पेशीत घातल्यावर इंटरफेरॉनची प्रतिक्रिया वाढली आणि विषाणूची वाढ घटली. कोंबडीतही इंटरफेरॉन बनते, पण दुसऱ्या मार्गाने. अर्थात हे एकमेव कारण नव्हे. एच५एन१चे काही प्रकार बदकांनाही मारतात.

माणूस कसा वाचतो?

माणसात इंटरफेरॉनमुळे जागी होणारी काही प्रथिने पक्ष्यांच्या फ्लूला विशेष अडवतात. ‘एमएक्सए’ हे त्यातले एक. चीनमध्ये एच७एन९ हा बर्ड फ्लू झालेल्या काही रुग्णांत या प्रथिनाचे जनुक सदोष आढळले. २०२१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. दुसरे ‘बीटीएन३ए३’. ग्लासगोच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले, की ते पक्ष्यांच्या फ्लूचे बहुतेक प्रकार रोखते, पण माणसात रुळलेल्या फ्लूला रोखू शकत नाही. १९१८ ची साथ आणि २००९ चा स्वाइन फ्लू घडवणारे विषाणू हा अडसर ओलांडलेलेच होते.

मग चिंता कशाची?

विषाणूही स्वस्थ बसत नाही. फ्लूकडे ‘एनएस१’ नावाचे प्रथिन आहे. इंटरफेरॉनची हाक दाबणे हे त्याचे मुख्य काम. गाय, मांजर, वाघ अशा सस्तन प्राण्यांत विषाणू जितका फिरेल, तितकी त्याला सस्तन प्राण्यांचे अडसर ओलांडणारे बदल जमवण्याची संधी मिळते. म्हणूनच गोठ्यातल्या आणि प्राणिसंग्रहालयातल्या लागणीकडे केवळ जनावरांचा आजार म्हणून पाहून चालत नाही.

इंटरफेरॉन वाढवले तर?

हा उपाय वाटतो तितका सरळ नाही. जर्मनीत जनुकीय बदल करून कोंबड्यांना बदकाचे रिग-आय दिले गेले. बर्ड फ्लूची लागण झाल्यावर त्यांच्यात उलट तीव्र दाह दिसला. एच५एन१ने गंभीर आजारी पडलेल्या माणसांतही अशाच अतिरेकी प्रतिक्रियेने फुप्फुसे निकामी होऊ शकतात. हाक वेळेवर हवी आणि वेळेवर थांबायलाही हवी. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणून फिरणाऱ्या काढ्या-गोळ्यांच्या संदेशांत नेमकी हीच बाब नसते.

काळजी काय घ्यावी?

देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आढळला आणि तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तेव्हाचे नियम आजही लागू पडतात. चिकन आणि अंडी पूर्ण शिजवून खावीत, दूध उकळून प्यावे, मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये. कोंबड्या किंवा पक्षी अचानक मरू लागले, तर पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे.